गच्चीचा हिशोब मांडा!

गुगल मॅप्स उघडा. सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि आपली बिल्डिंग शोधा. आता झूम करा. काय दिसतंय? पाण्याच्या काळ्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, डिश अँटेना, कुणीतरी आणून टाकलेलं मोडकं कपाट, फार तर एखादी निळी ताडपत्री. बाकी सगळा राखाडी चौकोन. शेजारची बिल्डिंग तशीच आणि तिच्या शेजारचीही तशीच.

बाइक लावायच्या चार फूट जागेवरून जिथे वर्षानुवर्षं अबोला धरला जातो, त्याच शहरात डोक्यावर एवढी मोकळी जागा पडून आहे. कुलूप लावलेली. किल्ली सेक्रेटरींकडे.

या जागेचं करायचं काय, याची दोन उत्तरं तुम्ही नक्कीच ऐकली असतील: सोलर पॅनल लावा किंवा हिरवी गच्ची करा. दोन्हींचे छान छान फोटो तुमच्या फीडमध्येही येऊन गेले असतील. पण फोटो बघून गच्ची बदलत नाही. ती बदलते कागदावरच्या हिशोबाने आणि सोसायटीच्या मीटिंगमधल्या एका ठरावाने. हा हिशोब करायला तुमच्याइतकं योग्य माणूस घरात दुसरं कुणी नाही. का, ते पुढे येईलच.

वरच्या मजल्यावर रात्री का उकडतं?

टॉप फ्लोअरला राहणारा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा. एप्रिल-मेमध्ये दुपारपेक्षा रात्री दहा वाजता घरात जास्त त्रास होतो, असं तो सांगेल. कारण साधं आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता हळूहळू खाली सोडतो. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. मग एसी लागतो. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, बाहेरची हवा आणखी तापते आणि शेजारच्याचाही एसी सुरू होतो. अशा हजारो स्लॅबचं मिळून शहर बनतं. आजूबाजूच्या गावांपेक्षा शहराची रात्र गरम असते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मग स्लॅबला उन्हापासून वाचवायचं कसं? रस्ते तीन. पॅनल लावले तर ते ऊन आपल्या अंगावर घेतात, वीज देतात आणि खाली सावली पडते. माती आणि झाडं असतील तर पानांतून पाण्याची वाफ होते आणि स्लॅब तापत नाही, माठातलं पाणी गार होतं तसंच. तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त: गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, म्हणजे बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं.

सोलर: आधी बिल काढा

सोलरचं गणित सहावीच्या मुलालाही जमेल. एक किलोवॉटच्या पॅनलला सावली न पडणारी साधारण १०० चौरस फूट जागा लागते. आपल्याकडे त्यातून वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला जवळपास चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

स्वतंत्र घर असेल तर केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' योजनेचं अनुदान मिळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचं उद्दिष्ट आहे एक कोटी घरांचं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये.

पण तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर? गच्ची तुमच्या एकट्याची नाही. अशा वेळी सोसायटीचा कॉमन मीटर कामाला येतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, पार्किंगमधले दिवे या सगळ्याचं बिल त्या मीटरवर येतं आणि मेंटेनन्समधून तुमच्याच घरून भरलं जातं. सोसायटीच्या अशा सामायिक वापरासाठी याच योजनेत किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे.

उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीने १० किलोवॉट लावायचं ठरवलं. जागा लागेल हजार चौरस फूट. महिन्याला सरासरी १,२०० युनिट. उंच लोखंडी स्ट्रक्चरसह खर्च साडेसहा लाख धरू. त्यातून अनुदान १ लाख ८० हजार वजा. उरले ४ लाख ७० हजार. युनिटचा दर दहा रुपये धरला तर महिन्याला १२ हजार वाचले, वर्षाला १ लाख ४४ हजार. म्हणजे सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती धरून चार वर्षं म्हणा. पॅनलची वॉरंटी मात्र साधारण २५ वर्षांची असते. यातले खर्चाचे आणि दराचे आकडे आपण धरलेले आहेत. तुमच्या सोसायटीचं बिल आणि तीन कंपन्यांची कोटेशन्स समोर घेऊन तेच गणित पुन्हा मांडा.

दोन गोष्टी सेल्समन लगेच सांगत नाही, त्या लक्षात ठेवा. पहिली: नेहमीची ग्रिडला जोडलेली सोलर यंत्रणा लाइट गेल्यावर बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. बॅटरी घेतली तरच गोष्ट वेगळी. दुसरी: पॅनल वजनाला हलकं असतं, चौरस मीटरला १५ ते २० किलो. त्यामुळे स्लॅबपेक्षा खरा धोका वाऱ्याचा. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळाने रायगड जिल्ह्यात पत्र्यांची काय गत केली, ते आठवा. स्ट्रक्चर कसं बसवणार आणि वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार की काँक्रीटचे ठोकळे वापरणार, हे कोटेशनमध्ये लिहून मागा.

हिरवी गच्ची म्हणजे चार कुंड्या नव्हेत

आता झाडांकडे वळू. इथे उत्साहाने घात होतो, कारण मातीचं वजन कुणी मोजत नाही.

हिशोब बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. बागेतली साधी माती चार इंच पसरली आणि ती पावसात पूर्ण भिजली, तर चौरस मीटरला १८० ते २०० किलो वजन होतं. आणि लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकात, आयएस ८७५ मध्ये, जो भार धरतात तो असतो साधारण १५० किलो. म्हणजे फक्त चार इंच मातीनेच मर्यादा ओलांडली. त्यावर झाडं, कुंड्या आणि वाढदिवसाला जमलेली पंधरा माणसं वेगळीच.

म्हणून खरी हिरवी गच्ची थरांची असते. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून जाण्यासाठी थर, गाळणीचं कापड आणि शेवटी कोकोपीट वगैरे घातलेलं हलकं मिश्रण. तरीही स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही वर चढवायचं नाही. हाऊसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमच्या सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात असायला हवा. तो वाचलाय कुणी?

हलक्या मातीची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून थोड्या जागेत, घरच्याच पाल्यापाचोळ्यातून भरघोस पीक कसं घेता येईल, हे लोकांना शिकवलं. मुंबईत डॉ. रमेश दोशी उसाचं चिपाड आणि घरचा ओला कचरा वापरून गच्चीवर भाजी पिकवायचे. पुढे २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनमधल्या कॅटरिंग ऑफिसर प्रीती पाटील यांनी तिथल्या कचऱ्याचं खत करून त्याच गच्चीवर बाग फुलवली. यातलं महत्त्वाचं काय? बाहेरून ट्रकभर लाल माती आणलीच नाही. खालच्या स्वयंपाकघरातला कचरा वर गेला आणि भाजी होऊन खाली आली.

कासचं पठार आणि आपला स्लॅब

युरोपातल्या हिरव्या छतांवर सेडम नावाच्या जाड पानांच्या वनस्पती लावतात. थंड हवेत त्या मस्त टिकतात. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडं ऊन. मग नमुना कुठला घ्यायचा?

साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला सप्टेंबरमध्ये जाऊन आला असाल. तिथे पायाखाली काय असतं? जांभ्या दगडाचा कातळ आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. पावसात चिखल, उन्हाळ्यात तवा. तरी गेंद, सीतेची आसवं, तेरडा दरवर्षी फुलतातच. पाऊस संपला की त्या आवरतं घेतात, आणि बी, कंद किंवा मुळाच्या रूपात पुढच्या पावसाची वाट बघतात. विचार केला तर कासचं पठार म्हणजे निसर्गाने केलेली हिरवी गच्चीच आहे. जगभरातले काही संशोधकही हिरव्या छतासाठी वनस्पती निवडताना अशा कातळांकडेच बघतात.

याचा अर्थ कासहून रोपं उपटून आणा असा अजिबात नाही. तसं चुकूनही करू नका. अर्थ इतकाच की गच्चीवर बारमाही हिरवळीचा हट्ट सोडा. टँकर मागवून मेमध्ये लॉन जगवणारी गच्ची 'ग्रीन' कशी म्हणायची? नर्सरीत मिळणारी ऑफिस टाइमची फुलं, कोरफड, पानफुटी, भाजीची घोळ यांना थोडी माती आणि थोडं पाणी पुरतं. उन्हाळ्यात गच्ची थोडी पिवळी दिसली तर दिसू दे.

आणि पुराचं काय? हिरवी गच्ची पाऊस धरून ठेवते, हे खरं. चार इंचांचा चांगला थर चौरस मीटरला साधारण ३० लिटर पाणी शोषून घेतो. म्हणजे पहिली ३० मिलिमीटरची सर गटारात लगेच उतरत नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यापुढे ३० म्हणजे काहीच नाही. रोजच्या सरींचा भार ती नक्की हलका करते. महापूर थांबवेल, असं मात्र कुणाला सांगू नका. खोटं आश्वासन मीटिंगमध्ये लगेच पकडलं जातं.

सोलर की झाडं?

भांडायची गरज नाही. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने २००२ पासून नव्या सपाट छतांवर हिरवळ सक्तीची केली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ पासून नव्या इमारतींना पर्याय दिला: छताच्या १५ टक्के भागावर सोलर, नाहीतर ३० टक्के भागावर हिरवळ, नाहीतर दोन्हींचं मिश्रण. मिश्रण फायद्याचंही असतं. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की पॅनलची क्षमता दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घसरते. खाली झाडं असली तर तिथली हवा थोडी गार राहते. फक्त ती झाडं बुटकी हवीत. पॅनलवर सावली पडली तर गणित कोलमडलं.

आपल्या जुन्या इमारतींसाठी ढोबळ नियम असा ठेवा: सोलर बहुतेक ठिकाणी जमतं, माती मोजक्या ठिकाणी आणि पांढरा रंग जवळपास सगळीकडे.

आणि घरी कुणी म्हणालं, "आता कशाला, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय," तर उलट तीच खरी संधी आहे. पॅनल काढून दुसरीकडे लावता येतात. आणि नवी इमारत कागदावर असतानाच गच्चीचा स्लॅब जास्त भाराचा करायला सांगितलं, तर काम थोडक्यात होतं. करारात हॉल किती फुटांचा आणि पार्किंग किती यावर सहा महिने घासाघीस होते. गच्चीबद्दल एक ओळसुद्धा नसते.

पत्र्याखाली राहणाऱ्यांचं काय?

इथपर्यंत आपण स्लॅबच्या घरांबद्दल बोललो. पण शहरात सगळ्यात जास्त तापतो तो पत्रा. त्याखाली राहणाऱ्याकडे गच्ची नाही, सोसायटी नाही, अनेकदा जागेची कागदपत्रंही नाहीत. अनुदानाच्या फॉर्ममध्ये तो बसतच नाही. म्हणून शहराच्या छतांची चर्चा फक्त टॉवरपुरती ठेवली तर ती अर्धवट राहते.

इथे पांढरा रंग उपयोगाचा. अहमदाबादने वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये हाती घेतला. तेलंगणने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच आणलं. तुमच्या कॉलेजच्या एनएसएसचं शिबिर दरवर्षी होतंच. भिंतींवर घोषणा रंगवण्याऐवजी यंदा छतं रंगवायचा प्रस्ताव द्या. रंगवण्याआधी आणि नंतर घरातलं तापमान थर्मामीटरने नोंदवा, म्हणजे तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: सिमेंटच्या पत्र्यावर कधीही उभं राहू नका, तो क्षणात तुटतो. वर चढायचं काम अनुभवी रंगाऱ्याचंच.

खरी लढाई मीटिंगमध्ये

तुम्ही हा विषय काढल्यावर काय काय ऐकायला मिळेल, ते आधीच सांगतो.

"लीकेज झालं तर कोण बघणार?" रास्त प्रश्न. उत्तर: आधी वॉटरप्रूफिंग तपासायचं, कोबा फुटला असेल तर दुरुस्त करायचा, मगच पुढचं. आणि गळतीची जबाबदारी ठेकेदाराच्या करारात लिहायची.

"वाळवण कुठे घालायचं? पोरांनी पतंग कुठे उडवायचे?" याला हसू नका. गच्ची सगळ्यांची आहे. रेरा कायद्यातही गच्च्या सामायिक जागांमध्येच मोडतात. पॅनल सात-आठ फूट उंचीच्या स्ट्रक्चरवर लावले तर खाली वावरता येतं. सावलीत गप्पा होतील आणि कडेच्या उन्हात पापडही वाळतील.

"फायदा टॉप फ्लोअरवाल्यांचा, आम्ही पैसे का द्यायचे?" इथे कॉमन मीटरचं बिल पुढे करा. लिफ्ट सगळेच वापरतात.

"मागे सोलर वॉटर हीटर बसवला होता, दोन वर्षांत बंद पडला." सगळ्यात खरा आक्षेप हाच. बसवायला सगळे येतात, फोटो निघतात, नंतर काच पुसायलाही कुणी वर जात नाही. म्हणून देखभाल कोण करणार, महिन्यातून किती वेळा आणि त्याचे पैसे कुठून, हे ठरावातच हवं. पुण्यात सोलर, गांडूळखत, रेनवॉटर हार्वेस्टिंग अशा गोष्टींसाठी मिळकत करात पाच ते दहा टक्के सवलत आहे. ती मिळवायची तरी यंत्रणा चालू ठेवावी लागते.

आता तुमचं काम

सभासद आई-बाबा आहेत, तुम्ही नाही. त्यामुळे मत देता येणार नाही. पण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि त्याआधी एका रविवारी हे सगळं होऊ शकतं. सेक्रेटरी काकांकडून किल्ली घ्या. मेजरिंग टेप घेऊन गच्ची मोजा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता टाकीची, शेजारच्या टॉवरची सावली कुठे पडते, त्याचे फोटो काढा. कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं मागा. ऑडिट रिपोर्ट वाचा. सगळं एका पानावर आणा आणि आई किंवा बाबांना सभेच्या विषयपत्रिकेत विषय घालायला सांगा. दहा पानी प्रेझेंटेशन नको, एकच पान. काका-काकू चष्मा लावून ते वाचतील.

सोसायटी ऐकत नसेल, तुम्ही भाड्याने किंवा हॉस्टेलला राहत असाल, तर कॉलेज आहेच. कॉलेजचं छत मोठं असतं, मालक एकच असतो आणि विजेचा वापर नेमका दिवसा, उन्हाच्या वेळेत होतो. नॅकच्या मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेबद्दल विचारतात, त्यामुळे प्राचार्यांनाही या विषयात रस असतो. इंजिनीअरिंगवाल्यांनी भार काढावा, बॉटनीवाल्यांनी रोपं निवडावीत, कॉमर्सवाल्यांनी परतफेडीचा तक्ता करावा. प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्यांनी एकदा जिना चढून वर बघावं.

हे काम तुमचंच, असं सुरुवातीला म्हटलं होतं. त्याचं कारण वॉरंटीच्या कागदावर आहे. यंदाच्या सभेत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण साठीच्या पुढचे असतील. पॅनल चालणार २५ वर्षं. तोवर तुम्ही पंचेचाळिशीला आलेले असाल आणि त्या स्लॅबखालच्या मे महिन्यातल्या रात्री तुमच्या वाट्याला येणार आहेत.